आमच्या स्वभावाचं इंग्रजी

बेसा, नागपूर
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय कृष्णकांत,

तुला आणि वहिनींना मुकुंदाचा मनापासून नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद, आणि जे आता स्वतःला लहान समजत नाहीत त्यांनाही. तुझी साखर काबूत आहे असं तू फोनवर सांगतोस आणि मागून वहिनी 'काही नाही काबूत' म्हणतात, तेव्हा खरी परिस्थिती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावी असं मी धरून चालतो. वहिनींचा गुडघा जबलपूरच्या थंडीत कुरकुरत असेल. त्यांना म्हणावं, तिळाचं तेल कोमट करून लावा आणि वर सुती फडकं गुंडाळा. (हे ज्ञान ऋषीच्या आईचं आहे. माझ्या पदरचं म्हणून त्यांनी ते नाकारू नये.) माझी तब्येत बरी आहे. एक कान मधूनमधून दडा बसल्यासारखा होतो, पण दुसरा शाबूत असल्यामुळे घरातलं जे ऐकायचं नाही तेही ऐकू येतं. तुला वाटेल, फोन सोडून हा पत्र काहून लिहून राहिला. तर फोनवर आपण दोघं बोलायला लागलो की हवा, पोट आणि क्रिकेट यांच्यापलीकडे आपली गाडी जात नाही, आणि मला या वेळी जरा पुढच्या स्टेशनावर उतरायचं आहे.

आमच्या चिरंजीवांची, ऋषीची, बदली हैदराबादला झाली आहे, जूनमध्ये ते नवराबायको निघतील. मला चला म्हणाले. मी नाही म्हटलं. बेसा काही फार रमणीय जागा आहे अशातला भाग नाही. मी इथे घर बांधलं तेव्हा समोर तुरीचं शेत होतं, आता तिथे सात मजले उभे आहेत आणि माझ्या तुळशीला ऊन सकाळी साडेदहानंतर मिळतं. पण माझी सकाळची फिरण्याची वाट, माझा न्हावी, माझा दातांचा डॉक्टर, सगळे इथे आहेत, आणि या वयात नवा न्हावी करणं म्हणजे (तुला केस नसल्यामुळे हे कळणार नाही) फार मोठी जोखीम असते. यावर घरात महिनाभर धुसफूस चालली. त्यातच एका दुपारी सून गार्गी ऑफिसातून लवकर आली आणि तिला स्वयंपाकघरात मी कुणाशी तरी बोलत असल्याचं ऐकू आलं. तिने आनंदाने डोकावून पाहिलं, तर मी कुकरला समजावत होतो की बाबा, तुरीची डाळ आहे, घाई करू नको. ऋषीची आई जाऊन पाच वर्षं झाली, कृष्णा. तिच्याशी बोलायची जी सवय होती ती काही तिच्याबरोबर गेली नाही. ती घरात इकडेतिकडे फिरते आणि भांड्याकुंड्यांवर बसते.

गार्गी पोर मायाळू आहे, पण ती एका कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्यात आहे, त्यामुळे तिच्या मायेलाही पद्धतशीरपणा असतो. तिने शोध घेतला तेव्हा कळलं की लकडगंजात एक मंडळ आहे, ते एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी परिचय मेळावा भरवतं. ज्यांना लग्न करायचं त्यांनी लग्न करावं, ज्यांना नुसती सोबत हवी त्यांनी सोबत शोधावी, आणि ज्यांना दोन्ही नको त्यांनी चहा पिऊन घरी जावं. मी तिसऱ्या वर्गात नाव घालायला तयार झालो. अडचण एवढीच होती की तिथे आपला परिचय इंग्रजीत द्यावा लागतो. म्हाताऱ्यांची मुलं निम्मी परदेशात, त्यांच्या सुना-जावयांना मराठी येत नाही, आणि त्यांनी संमती दिल्याशिवाय आईबाप पुढे सरकत नाहीत. (आपल्या वेळी आईबापांना विचारून लग्न करावं लागत असे. आता मुलांना विचारून. म्हणजे आपली पिढी मधल्या मध्ये दोन्हीकडून गेली.)

मग एका संध्याकाळी गार्गी लॅपटॉप मांडून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, बाबा, तुमचा स्वभाव सांगा. मी म्हटलं, चांगला आहे. ती म्हणाली, 'चांगला' चालत नाही, नेमका शब्द हवा. ऋषी पेपराआडून म्हणाला, 'स्टबर्न' लिही. गार्गी म्हणाली, 'स्टबर्न'ने माणसं पळतात, आपण 'फर्म' लिहू. मी विचारलं, फरक काय? तर ऋषी म्हणाला, तुम्ही हैदराबादला येत नाही हे आम्ही सांगितलं तर 'स्टबर्न', आणि तुम्ही सांगितलं तर 'फर्म'. मी 'सीरियस' सुचवला. गार्गीने तो खोडला, कारण नागपुरात माणूस 'सीरियस' आहे म्हटलं की लोक कोणत्या दवाखान्यात ठेवलं ते विचारतात. मग 'सेन्सिबल' लिहायचं ठरलं, तिच्या बोटांनी 'सेन्सिटिव्ह' लिहिलं, आणि ते वाचून ऋषी इतका हसला की मी तो शब्दही काढायला लावला. माणूस समजूतदार असला तर चालतो, हळवा असला की मुलगा हसतो. शेवटी 'रिझर्व्ह्ड' एवढा एकच उरला. ते दोघं झोपायच्या तयारीला गेल्यावर मला तो एकटा शब्द फारच केविलवाणा वाटला, म्हणून मी शेजारी स्वतःच्या हाताने आणखी एक घातला: 'टेम्परामेंटल'. माझा तर्क असा की 'टेम्परामेंट' म्हणजे स्वभाव, तेव्हा 'टेम्परामेंटल' म्हणजे ज्याला स्वभाव आहे असा. तुझ्या वडिलांच्या, बापूजींच्या हाताखाली इंग्रजी शिकलेल्या माणसाने हे करावं, हे तुझ्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं, पण उशिरा.

कृष्णा, बापूजींचा तो वर्ग तुझ्यासाठी घरचाच होता, त्यामुळे तुला त्याचं अप्रूप नाही. आम्हाला होतं. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत तेव्हा करमणूक म्हणजे कोळशाचे ट्रक मोजणं आणि शहरातून येणाऱ्या शेवटच्या बसमधून कोण उतरलं ते बघणं. तुझे वडील पाळी संपवून यायचे, हातपाय धुवायचे, बनियनवर ओसरीत बसायचे आणि आपल्याला समोर सतरंजीवर बसवून इंग्रजीचे शब्द वाटायचे. स्वभावाचे शब्द त्यांचे लाडके. पुस्तकातली उदाहरणं त्यांना पसंत नसत, ते कॉलनीतली माणसं वापरत. आपल्या ओळीतले चार शेजारी कुणाशी बोलत नसत, आणि बापूजी म्हणत की चौघांना एकच शब्द लावणारा मुलगा नापास. पहिला लाजतो म्हणून बोलत नाही, तो 'शाय'. दुसऱ्याला आपण त्याच्या लायकीचे वाटत नाही, तो 'अलूफ'. तिसऱ्याकडे बोलण्यासारखं काही नाही, तो नुसता 'क्वाएट'. आणि चौथ्याकडे पुष्कळ आहे पण तो कुणाला देत नाही, तो 'रिझर्व्ह्ड'. सोळाव्या वर्षी मला हे इतकं पटलं होतं की मी महिनाभर चौथ्यासारखं वागून पाहिलं. घरच्यांना वाटलं मला कावीळ झाली.

आणि ती कुरड्यांची भानगड आठवते का? बापूजींनी 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी आणि 'मायझरली' म्हणजे कंजूष यांतला फरक सांगताना स्टोअरकीपरच्या बायकोचं उदाहरण घेतलं होतं, आणि ती बाई नेमकी भिंतीपलीकडे कुरड्या वाळत घालत होती. (त्यांवर राख पडू नये म्हणून ती जुनी नऊवारी टांगायची. राख तरी पडायचीच. त्या कॉलनीत आपण सगळ्यांनी जन्मभराची राख आधीच खाल्ली आहे.) तिने येऊन विचारलं, भाऊजी, मले कोणता शब्द देला? बापूजी घाबरले नाहीत. म्हणाले, तुम्हाला 'थ्रिफ्टी', वहिनी, तो चांगला आहे, दुसरा तुमच्या साहेबाले. ती समाधानाने गेली आणि जाताना वाटीभर कुरड्या देऊन गेली. साहेबाला आयुष्यभर कळलं नाही. तू त्या वर्गात भिंतीला टेकून डुलक्या घ्यायचास. खरं शिकायची ती प्रेमिला. तुझ्या बहिणीएवढं नेमकं कुणाला सांगता येत नसे. बापूजी तिला 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी म्हणावं की 'रिझोल्यूट' म्हणजे निश्चयी यावर कधी निकाल देत नसत. म्हणत, अजून पोरगी वाढून राहिली, पाहू.

असो. मेळाव्यावर येतो. तो दिवाळीनंतरच्या रविवारी लकडगंजात एका सभागृहात झाला. खाली लाकडाच्या वखारी, त्यामुळे हॉलभर ताज्या भुशाचा वास. संयोजक जितेंद्र म्हणून एक उत्साही गृहस्थ होते. त्यांनी माइक हातात धरून एकेकाचा परिचय वाचायला आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी लगेच मराठी करून सांगायला सुरुवात केली. माझा नंबर आला. मी उभा राहिलो. जितेंद्र म्हणाले, श्री. मुकुंदराव, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त, राहणार बेसा, स्वभाव रिझर्व्ह्ड, म्हणजे आरक्षित. पुढच्या रांगेत यमुताई नावाच्या एक बाई बसल्या होत्या, उमरेडकडच्या, स्वतःची शेती स्वतः बघणाऱ्या. त्या मागे वळून मला नीट न्याहाळत म्हणाल्या, "आरक्षित असन तं इथं काहून आले गा तुम्ही?" सगळा हॉल हसला. जितेंद्र गोंधळले आणि सावरायला म्हणून पुढचा शब्द वाचला, टेम्परामेंटल, म्हणजे... आणि थांबले. मागून कुणीतरी पुरवलं, "डोकं फिरलं की काही सांगता येत नाही, असा." मी बसलो. खुर्ची थोडी सरकली होती, पण सापडली.

नंतर प्रत्येकाने प्रत्येकाशी थोडा वेळ बोलायचं असा कार्यक्रम होता. माझ्या वाट्याला पहिल्यांदा यमुताईच आल्या. मी त्यांना घाईघाईने सांगितलं की मी शांत माणूस आहे. त्या म्हणाल्या, "शांताचं मले सांगू नका. माह्या नवऱ्यालेही सारे शांतच म्हणत. तो शांत नव्हता, त्याले ऐकू येत नव्हतं. मले लग्नानंतर दोन वर्षांनी समजलं." मग त्यांनी माझ्या दोन्ही कानांची चौकशी केली. मी खरं ते सांगितलं. त्यांनी माझा विचार तिथेच सोडला, पण फार प्रेमाने सोडला, आणि पिशवीतून एक संत्रं काढून दिलं. (या बाईंचं पुढे एका निवृत्त एसटी ड्रायव्हरशी जमलं. भयंकर तापट माणूस आहे, पण हाकेला पहिल्या झटक्यात ओ देतो. त्या खूश आहेत.)

तेवढ्यात जितेंद्र आले आणि म्हणाले, साहेब, तुमचा परिचय जरा दुरुस्त करून घ्या, तिकडे आमच्या इंग्रजीच्या मॅडम बसल्या आहेत. हॉलच्या टोकाला खिडकीशी टेबल होतं, तिथे पांढऱ्या केसांची एक बाई चष्मा नाकावर उतरवून लाल पेनने कुणाचा तरी स्वभाव सुधारत होती. मी संत्रं हातात घेऊन समोर उभा राहिलो. तिने वर न बघता माझा कागद घेतला, वाचला, आणि म्हणाली, "टेम्परामेंटल कोण गा? तू?"

ती प्रेमिला होती.

आता मी तुझ्यावर रागावलेलो आहे हे इथे नोंदवून ठेवतो. महिन्यातून दोनदा आपला फोन होतो. तुझ्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली ते तू मला सांगितलंस. पण तुझे मेहुणे गेल्यावर प्रेमिला चंद्रपूर सोडून नागपूरला आली, लकडगंजात फ्लॅट घेऊन राहते आणि मी तिच्यापासून एका बसच्या अंतरावर आहे, हे तुला सांगावंसं वाटलं नाही. मी तिला म्हटलं, अवं, तू इथे काय करून राहिली? ती म्हणाली, "मी उमेदवार नाही. शाळेतून रिटायर झाली तं या लोकांनी पकडलं. लोकांचे स्वभाव तपासते. तू काय करून राहिला?" मी म्हटलं, मी चहा प्यायला आलो. तिने माझ्या कागदाकडे पाहिलं आणि मग इतकी हसली की जितेंद्र माइक सोडून बघायला आले. हसणं मात्र अजून तेच, कृष्णा. आधी आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात, आणि आपल्याला वाटतं ही रडते आहे.

मग हसू थांबल्यावर तिने 'टेम्परामेंटल' खोडला. 'रिझर्व्ह्ड'वर पेन धरून बसली. म्हणाली, हाही चुकीचा. मी म्हटलं, काहून? चौथा शेजारी आहे मी. ती म्हणाली, "तू चौथा कधीच नव्हता. तू पहिला होता. तू ओसरीत येऊन बसायचा, दोन तास बसायचा, अन् घरी जाताना फक्त 'येतो' म्हणायचा. त्याले 'शाय' म्हणतात." मी संत्रं सोलून अर्धं तिला दिलं. तिने ते खाल्लं आणि बापूजींचं शेवटचं सांगितलं. तू तेव्हा जबलपूरहून येतजात होतास, तुला ठाऊक असेल, मला नव्हतं. पक्षाघातानंतर त्यांची सगळी वाचा गेली, माणसांची नावं गेली, पण स्वभावाचे इंग्रजी शब्द तेवढे राहिले होते. नर्स आली की 'ब्रिस्क', म्हणजे चटपटीत, म्हणायचे. डॉक्टर आला की 'एव्हेजिव्ह', म्हणजे उत्तर टाळणारा, आणि पेशंटला शब्द फुटला म्हणून तो खूश व्हायचा. तू खोलीत शिरलास की 'इझीगोइंग' म्हणून हात हलवायचे. आणि प्रेमिला आली की ओठ हलायचे, पण शब्द बाहेर येत नसे. ती म्हणाली, "साऱ्यांले शब्द देले, मलेच काही नाही देलं. मी रोज खुर्ची ओढून बसायची, आज तरी काही म्हणतीन म्हणून." हे सांगताना ती रडली नाही. मीच खिडकीतून खाली वखारीकडे पाहत राहिलो. मग मी म्हटलं, अवं, त्यांना तुझ्यासाठी एक शब्द पुरत नसेल. ती म्हणाली, "हे तू मोठ्याने म्हटलं, का मनात?" मी म्हटलं, मोठ्याने. ती म्हणाली, "सुधारला म्हणायचा."

त्यानंतर मंडळाला दुरुस्तीच्या कामात एक मदतनीस लागतो असं निघालं, आणि मी जायला लागलो. तिच्याकडे बसून आम्ही लोकांचे परिचय नीट करतो. 'होमली'च्या जागी काय लिहावं यावर एक अख्खी दुपार भांडलो, कारण तिकडे अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला बेताची असा होतो आणि त्यामुळे एका चांगल्या बाईंचं जमता जमता राहिलं होतं. ती भाषेला पक्की आहे, मी माणसांना ओळखतो, असं आमचं बरं चालतं. घरी परतल्यावर मी हल्ली कुकरशी बोलत नाही. गार्गीने हे लगेच टिपलं. तिने काही विचारलं नाही, फक्त माझ्या दोन सदऱ्यांना इस्त्री करून ठेवली.

तर मेळाव्याचं फलित विचारशील तर शून्य. माझा परिचय मंडळाने परत केला, कारण त्यात आता एकही शब्द शिल्लक नाही. तुझी प्रकृती सांभाळ. वहिनींना नमस्कार सांग, आणि फोनवर गोड खात नसल्याची थाप मारणं थांबव.

तुझा,
मुकुंद

ता. क. - वर फलित शून्य लिहिलं ते मेळाव्याचं. माझं वेगळं आहे. मी आणि प्रेमिलाने लग्न करायचं असं आमचं बोलणं झालं आहे. ऋषी-गार्गीला सांगितलं, त्यांना आनंद आहे. तिच्या मुलाने बंगळूरहून एवढंच विचारलं की काका घोरतात का. पण प्रेमिलाचं म्हणणं पडलं की दादाला विचारल्याशिवाय नाही, आणि ते मीच विचारावं. तेव्हा हे पत्र. आपल्या मैत्रीत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आता मागतो आहे. तुला हे वावगं वाटलं तर तसं स्पष्ट कळव. मी लकडगंजला जाणं बंद करीन, आणि आपण पुन्हा क्रिकेटवर बोलू.

ता. क. दुसरं - नोंदणीच्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोघं आपापली मुलं आहेत. तिसरी जागा मी कुणाला विचारलेली नाही. हे पत्र प्रेमिलाला दाखवलेलं नाही, तेव्हा तिला फोन करताना जपून.

दादा, मुकुंद पाकीट चिकटवायला माझ्याकडेच डिंक मागायला आला, म्हणून वाचलं. तुला विचारल्याशिवाय नाही, असं मी म्हटलेलं नाही. मी म्हटलं, दादाला कळवून टाक. तुला घाबरतो तो, मी नाही. तारीख मी घेतली आहे, फेब्रुवारीचा शेवटचा सोमवार. तू रागावला असशील तरी ये, इथे बसून रागव. आई गेल्यापासून माझ्या बाजूचं म्हणून कुणी उभं राहिलेलं नाही. वहिनीला घेऊन ये, तिच्या गुडघ्यासाठी खालच्या मजल्यावरची खोली बघून ठेवली आहे.
- प्रेमिला